पडद्यावरची प्रश्नचिन्हे

आमच्या गावाचे नाव मालेगाव. एवढे सांगितले की ऐकणारा ताबडतोब विचारतो, "म्हणजे यंत्रमागांचे ना?" मग सांगावे लागते की, ते नाशिक जिल्ह्यातले, आमचे वाशीम जिल्ह्यातले, अकोल्याहून वाशीमला जाताना लागते ते. नांदेडकडच्या माणसाला मालेगाव म्हटले की खंडोबाची जत्रा आठवते आणि बारामतीकडच्याला साखर कारखाना. आमचे गाव या तिघांपैकी कोणतेच नाही. परगावच्या कचेरीत आपला पत्ता सांगताना हा सारा भूगोल दर वेळी नव्याने उगाळावा लागतो.

एकाच नावाची अनेक गावे आणि पत्ते लिहिणाऱ्यांच्या नाना लिप्या, या दुहेरी घोटाळ्यावर उपाय म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजी आपल्या देशात पिनकोड सुरू झाला. तो योजणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे नामांकित पंडित. त्यांच्या कृपेने आमच्या गावाचा आकडा ४४४ने सुरू होतो आणि नाशिककडच्या मालेगावाचा ४२३ने. नाव एक असले तरी आकडा वेगळा. पत्र बिनचूक घरी येते.

वाचक म्हणतील, दिवाळीच्या अंकात मास्तरांनी हे टपालपुराण कशाला काढले? काढले ते अशासाठी की, गेल्या वर्षी नेमका असाच नावाचा घोटाळा एका यंत्राने केला आणि त्यापायी माझी बारा वर्षांची कमाई मी माझ्याच हाताने पुसून टाकणार होतो.

ती कमाई म्हणजे ओव्या. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो, आणि त्यांच्यासाठी म्हणून तालुक्यातल्या खेड्यांतून हिंडताना म्हाताऱ्या बायकांच्या तोंडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेण्याचा नाद मला लागला. शंभराच्या वर बायका झाल्या. त्यांतल्या कितीतरी आता नाहीत. वह्या होत्या, पण एका पावसाळ्यात कपाटाच्या मागची भिंत पाझरली आणि निम्म्या वह्यांची शाई पाण्यात उतरली. सुदैवाने त्याआधीच माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने सगळ्या ओव्या संगणकावर चढवून ठेवल्या होत्या. हा मुलगा पुण्यास नोकरीला आहे. त्याने मुंबईत कुठेसे भाड्याने घेतलेल्या एका यंत्रावर प्रत्येक बाईच्या नावाने एकेक फाइल करून दिली. शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा माझ्या घरच्या संगणकावरून त्या दूरच्या यंत्राशी संधान बांधी आणि मी सांगेन तशी भर घाली.

वसुबारसेच्या दिवशी त्याने यादी उघडली, तर पडद्यावर एकही नाव नाही. वरपासून खालपर्यंत नुसती प्रश्नचिन्हे. कुठे बारा, कुठे पंधरा, कुठे चोवीस. माझ्या पोटात गोळा उठला. वह्या गेल्या आणि आता हेही गेले! जरा वेळाने मन घट्ट करून मी म्हटले, "अरे, नासलेला माल ठेवून काय करायचे? पुसून टाक सगळे. उरलेल्या वह्यांवरून जेवढे होईल तेवढे पुन्हा चढवू." मुलाने आज्ञा लिहिलीही, पण नवखा असल्यामुळे शेवटची कळ दाबण्यापूर्वी त्याने पुण्याला फोन लावला.

पलीकडून आवाज आला, "सर, हात नका लावू त्याले! आधी मले सांगा, सर्वांत शेवटी कोणाच्या ओव्या भरल्या होत्या?"

"सखूबाईच्या."

"आता तारखेच्या क्रमानं यादी काढा. शेवटच्या ओळीत प्रश्नचिन्हं किती हायेत? मोजा."

मी चष्मा लावून, पडद्याला बोट टेकवून मोजली. "अठरा."

"अठरा असतील तर सखूबाई जागेवर हाये, सर. सहाच असती तर मंग काळजीची गोष्ट होती."

अठरा म्हणजे शाबूत आणि सहा म्हणजे गेली, हा कसला ज्योतिषाचा हिशेब? तो मुलगा दिवाळीला घरी आला तेव्हा फराळाच्या ताटावर बसून मी त्याच्याकडून हा हिशेब समजावून घेतला, आणि नंतर वर्षभर मिळेल ते वाचून त्याच्या मुळाशी जाण्याचा प्रयत्न केला. तेव्हा ध्यानात आले की ही गोष्ट दीडशे वर्षांची आहे आणि तिची सुरुवात तारायंत्रापासून आहे.

* * *

आपल्याकडे १८५१ मध्ये कलकत्ता आणि डायमंड हार्बर यांच्या दरम्यान तार सुरू झाली आणि १८५४ पर्यंत मुंबई, आग्रा आणि कलकत्ता ही शहरे तारेने जोडली गेली. १५ जुलै २०१३ रोजी ही सेवा बंद पडली. नव्या पिढीने कडकट्ट ऐकलेले नाही. पण आमच्या वयाच्या माणसांना दारात तारवाला उभा राहिला की घरातल्या बायका वाचण्याआधीच डोळ्यांना पदर लावत, हे आठवत असेल.

तारेतून अक्षर जात नाही, खूण जाते. कोणती खूण म्हणजे कोणते अक्षर हे दोन्ही टोकांच्या माणसांनी आधी ठरवलेले असते. एमिल बोदो नावाच्या फ्रेंच तारमास्तराने १८७४ मध्ये एका नव्या पद्धतीचे पेटंट घेतले. त्याच्या खुणेत पाच घरे असत आणि प्रत्येक घर एकतर भरलेले किंवा रिकामे. पाच घरांच्या अशा जुळण्या बत्तीसच होतात. इंग्रजी अक्षरेच सव्वीस; मग आकडे आणि विरामचिन्हे बसवायची कुठे? बोदोने युक्ती केली. एकाच खुणेला दोन अर्थ दिले आणि दोन खुणा वेगळ्या राखून ठेवल्या. त्यांतली एक सांगे, "यापुढे सर्व अक्षरे समजा." दुसरी सांगे, "यापुढे सर्व आकडे समजा."

युक्ती नामी होती, पण तिच्यात एक खोड होती. वाटेत वीज कडाडली आणि ती "यापुढे अक्षरे" सांगणारी एकच खूण हरवली, तर पुढचा सगळा मजकूर आकड्यांत आणि चिन्हांत छापला जाई. पाठवणाऱ्याने बरोबर पाठवलेले असे, तार धड असे, घेणाऱ्याचे यंत्रही धड असे. दोघांची समजूत तेवढी फाटलेली. पुढे कुठेतरी पुन्हा ती खूण आली की मजकूर आपोआप ताळ्यावर येई. शहाणा तारमास्तर असा कागद फाडून टाकत नसे. कोणत्या जागी समजूत फिरली ते शोधून मधला भाग उलटा वाचून काढी.

दूरच्या टोकाचा मजकूर इकडे विपरीत दिसण्याची जी दुखणी आजही संगणकावर होतात, त्यांतल्या बहुतेकांचे बीज या एका गोष्टीत आहे.

* * *

तारेच्या दोन्ही टोकांना पुढे टंकलेखनयंत्रे बसली. त्यांना टेलिटाइप किंवा टेलिप्रिंटर म्हणू लागले. इकडे कळ दाबली की तिकडे अक्षर उमटे. १९६३ मध्ये अमेरिकेत संगणकांसाठी आणि या यंत्रांसाठी एक सामायिक संकेत ठरला. त्याचे नाव आस्की. याच्यात पाचांऐवजी सात घरे, म्हणजे १२८ खुणा. त्याच साली टेलिटाइप कंपनीचे ३३ क्रमांकाचे यंत्र बाजारात आले. ते सेकंदाला दहा अक्षरे छापी आणि ओळीत बहात्तर अक्षरे मावत.

या १२८ खुणांपैकी काही अक्षरांच्या नव्हतच. त्या यंत्राला हुकूम होत्या. सातवी खूण आली की घंटा वाजे. तेरावी आली की छापणारा गाडा डावीकडे परत जाई. दहावी आली की कागद एक ओळ वर सरके. टंकलेखन शिकलेल्या वाचकांना हे लगेच समजेल: गाडा मागे नेणे वेगळे आणि कागद सरकवणे वेगळे. आणि चौदावी व पंधरावी खूण? त्या बोदोच्या खुणांच्या नाती शोभतील अशा. चौदावी म्हणे "यापुढे दुसरा अक्षरसंच", पंधरावी म्हणे "पुन्हा पहिला".

एकशे सत्ताविसावी खूण फारच गमतीची आहे. त्या काळी मजकूर आधी कागदी पट्टीवर भोके पाडून तयार करीत. एकदा पाडलेले भोक बुजवता येत नाही; मग चूक खोडायची कशी? तर त्या जागी सातही भोके पाडून टाकायची. सात भोके दिसली की यंत्राने ती जागा सोडून पुढे जायचे. सगळी घरे भरलेली म्हणजे १२७. तीच खोडण्याची खूण ठरली. दुसरीकडे, गाडा एक घर मागे घेण्याची खूण होती आठवी. आज दूरच्या यंत्रावर काम करताना एखादे अक्षर खोडायला जावे आणि ते पुसले जाण्याऐवजी पडद्यावर टोपी घातलेले एखादे विचित्र चिन्ह उमटावे, असे घडते. ते या दोन खुणांचे भांडण आहे. आपली कळ एक खूण पाठवते आणि पलीकडचे यंत्र दुसरीची वाट पाहात बसते. "खोडण्याची खूण अमुक" एवढे त्याला सांगितले की भांडण मिटते.

१९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स नावाची संगणक चालवण्याची व्यवस्था रचायला घेतली, तेव्हा त्यांच्या पुढ्यात असेच टेलिटाइप होते. माणसाची आज्ञा ऐकून ती यंत्राकडून करवून घेणारा जो मुनीम या व्यवस्थेत असतो त्याला शेल म्हणतात. टेलिटाइप केव्हाच भंगारात गेले. पण युनिक्सच्या आणि तिच्या वंशजांच्या पोटात आजही पडद्याचे नाव "टीटीवाय" असेच आहे. मेलेल्या आजोबांच्या नावावर सातबारा राहावा तसे.

सातबाऱ्यावर नाव राहिले की त्याबरोबरचे हक्कही राहतात. युनिक्सने ओळ संपल्याची एकच खूण ठेवली, दहावी. गाडा मागे नेण्याची तेरावी खूण ऐनवेळी आपली आपण घालण्याचे काम तिने मधल्या व्यवस्थेकडे सोपवले. एखादा कार्यक्रम मध्येच कोसळला आणि जाताना ही सोय बंदच ठेवून गेला, तर कागद सरकतो, गाडा मात्र मागे येत नाही. आणि पडद्यावरच्या ओळी जिन्याच्या पायऱ्यांसारख्या उजवीकडे उतरू लागतात. त्यावर उपाय म्हणून "एसटीटीवाय सेन" अशी आज्ञा आहे. तिचा अर्थच "शहाण्यासारखा वाग" असा आहे.

दुसरे उदाहरण याहून नेहमीचे. काम करता करता पडदा एकाएकी थिजतो. कितीही कळा बडवा, काही उमटत नाही. माणूस समजतो की तार तुटली किंवा यंत्र मेले. बहुधा झालेले एवढेच असते की, मजकूर जतन करण्याच्या सवयीने त्याने कंट्रोल आणि एस या दोन कळा एकत्र दाबलेल्या असतात. टेलिटाइपच्या काळी ही पट्टी थांबवण्याची खूण होती. पलीकडचे यंत्र इमानाने थांबून राहिलेले असते. कंट्रोल आणि क्यू दाबले की ते पुन्हा बोलू लागते, आणि मधल्या काळात बडवलेल्या सगळ्या कळांचा पाढाही वाचून दाखवते.

* * *

पुढे कागदाची जागा काचेने घेतली. सत्तरीच्या दशकात पडदा आणि कळफलक असलेली टर्मिनले निघाली. कागदावर गाडा पुढेच जातो. काचेवर मात्र कोठेही जाऊन लिहिता येते, पुसता येते. फक्त "अमक्या ओळीत तमक्या घरात जा" हे सांगायचे कसे, ते प्रत्येक कंपनीने आपापल्या मर्जीने ठरवले. लिअर सीग्लर कंपनीच्या एडीएम-३ए या टर्मिनलाला सत्ताविसाव्या खुणेमागून बरोबरीचे चिन्ह पाठवावे लागे. डिजिटल कंपनीच्या व्हीटी ५२ला त्याच जागी इंग्रजी वाय हवे असे. त्याच कंपनीच्या १९७८च्या व्हीटी १००ला चौकटी कंस आणि त्यापुढे ओळीचा व घराचा आकडा. एकाची बोली दुसऱ्याला अगम्य.

बर्कलीच्या विद्यापीठात तेव्हा बिल जॉय नावाचा विद्यार्थी होता. मजकूर लिहिण्या-सुधारण्यासाठी त्याने व्हीआय हा कार्यक्रम १९७६ मध्ये रचला. तो नाना जातींच्या टर्मिनलांवर चालावा म्हणून १९७८च्या सुमारास त्याने एक पंचांगच तयार केले. त्यात प्रत्येक टर्मिनलाचे नाव आणि त्यापुढे त्याच्या बोलीचे शब्द: पडदा पुसायचा तर हे पाठवा, ठळक अक्षर हवे तर ते पाठवा. पुढे या पंचांगाची टर्मइन्फो नावाची सुधारलेली आवृत्ती निघाली, तीच आज चालते. दूरचे यंत्र सुरुवातीलाच विचारते, "आपण कोण?" आपण आपले नाव सांगतो. त्या नावाच्या खणाला "टर्म" म्हणतात. नाव ऐकून ते यंत्र पंचांग उघडते आणि त्यानुसार बोलू लागते.

वाचकांना आता आमच्या मालेगावची आठवण झाली असेल. पत्र चुकीच्या मालेगावी जाण्याचा प्रकार इथे दोन तऱ्हांनी होतो. एक, आपण असतो एक आणि नाव सांगतो दुसरेच; मग पलीकडचे यंत्र भलत्याच बोलीत बोलते आणि पडद्यावर कंस व आकडे यांचा कचरा सांडतो. दुसरी तऱ्हा, आपण खरे नाव सांगतो, पण ते इतके नवे असते की पलीकडच्या जुन्या पंचांगात ते नसतेच. मग ते यंत्र "असे टर्मिनल मला ठाऊक नाही" म्हणून हात वर करते. अशा वेळी एकतर आपल्या नावाचे पान त्याच्या पंचांगात नेऊन चिकटवावे, नाहीतर सर्वांच्या ओळखीचे आणि आपल्याशी मिळतेजुळते एक्सटर्मसारखे नाव तात्पुरते सांगावे.

त्या व्हीटी १००ची छाप एवढी पडली की आजच्या संगणकांवरच्या खिडक्याही स्वतःला त्याचे वंशज म्हणवतात. त्याच्या पडद्यावर २४ ओळी आणि ओळीत ८० घरे होती. ही ८० घरे आयबीएमच्या १९२८ सालच्या भोके पाडलेल्या कार्डावरून चालत आली. अजूनही दूरच्या यंत्राला आपल्या खिडकीची खरी लांबीरुंदी कळली नाही तर ते पुष्कळदा हाच ८० आणि २४चा जुना हिशेब धरते; मग लांब ओळ वळायच्या जागी वळत नाही आणि स्वतःच्याच अंगावर चढून बसते.

व्हीटी १००मध्ये चौकटी काढण्यासाठी रेघांचा एक वेगळा अक्षरसंच होता आणि त्याकडे वळवण्यासाठी तीच ती चौदावी खूण वापरता येई. कोणी चुकून चित्राची किंवा गाण्याची फाइल मजकूर समजून पडद्यावर ओतली, तर त्या पसाऱ्यात ही खूण दडलेली असू शकते. ती पोचली की लहान इंग्रजी अक्षरांच्या रेघा आणि कोपरे होतात; मोठी अक्षरे आणि आकडे मात्र तसेच राहतात. दीडशे वर्षांपूर्वी बोदोच्या तारेत हरवलेली खूण ही अशी आपल्या पडद्यावर पुन्हा भेटते. उपाय साधा आहे. आपण काय लिहितो ते दिसत नसले तरी न घाबरता "रीसेट" असे लिहून कळ दाबावी. पलीकडचा मुनीम आंधळा नसतो. आपल्या पडद्याची भाषा बिघडली तरी त्याला आपले म्हणणे ऐकू जाते.

* * *

आतापर्यंतची सारी कथा इंग्रजी अक्षरांची झाली. आपल्या क-ख-गचे काय?

ऐंशीच्या दशकात कानपूरच्या आयआयटीत आर. एम. के. सिन्हा यांच्या मार्गदर्शनाखाली देवनागरी दाखवणाऱ्या टर्मिनलाचे काम झाले. त्यात मोहन तांबे हे प्रमुख होते. १९८८ मध्ये पुण्यास सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. तिचे धुरीण विजय भटकर हे आमच्या वऱ्हाडातले, अकोला जिल्ह्याच्या मूर्तिजापूर तालुक्यातले. आमचा वाशीम जिल्हा १९९८ मध्ये निघाला तो याच अकोला जिल्ह्यातून, म्हणून हा अभिमान मी हक्काने मिरवतो. तांबे सी-डॅकमध्ये आले आणि "जिस्ट" नावाने त्यांचे तंत्र देशभर गेले. साध्या इंग्रजी संगणकात एक कार्ड बसवले की पडद्यावर मराठी दिसे. हीच विद्या टर्मिनलांतही बसवली गेली, त्यामुळे दूरच्या मोठ्या यंत्रावरचा मराठी मजकूरही वाचता येऊ लागला.

या कामासाठी भारतीय लिप्यांचा जो संकेत ठरला त्याचे नाव इस्की. १९९१ मध्ये तो भारतीय मानक झाला. त्याच्यात आठ घरे, म्हणजे २५६ खुणा. पहिल्या १२८ आस्कीच्या आणि उरलेल्या भारतीय वर्णांसाठी. आपल्या बहुतेक लिप्यांची वर्णमाला एकच असल्यामुळे मराठी "क", तेलुगू "क" आणि बंगाली "क" यांना एकच खूण दिली. कोणत्या लिपीत दाखवायचा ते सांगण्यासाठी लिपीबदलाची एक खूण वेगळी ठेवली. पुन्हा बोदोच! ती खूण वाटेत गळाली की मराठी मजकूर दुसऱ्याच लिपीत उमटणार. उच्चार तोच, वेष परका.

१९९१ मध्येच जगातल्या सर्व लिप्यांसाठी युनिकोड निघाला. त्यातल्या देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतलेली आहे. इथे प्रत्येक वर्णाला त्याचा स्वतःचा आकडा मिळाला, म्हणून लिपीबदलाची खूणच नको झाली. पण हे मोठे आकडे जुन्या आठ घरांच्या खुणांतून धाडायचे कसे? १९९२च्या सप्टेंबरात केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक हे न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत जेवायला बसले असता थॉम्प्सनने ताटाखालच्या कागदावर त्याची रीत मांडली. तिचे नाव यूटीएफ-८. या रीतीत इंग्रजी अक्षराला एकच खूण लागते आणि देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला तीन.

आता सखूबाईकडे येऊ. आपण हे नाव चार अक्षरांचे म्हणतो: स, खू, बा, ई. युनिकोडला मात्र काने आणि उकार वेगळे मोजावे लागतात: स, ख, ऊकार, ब, काना, ई. झाले सहा. प्रत्येकी तीन खुणा, म्हणजे अठरा. मुंबईच्या यंत्रावर सखूबाईच्या नावाच्या अठराच्या अठरा खुणा जशाच्या तशा बसलेल्या होत्या. पण त्या यंत्राला कोणी सांगितलेच नव्हते की इथे यूटीएफ-८ चालते. ते आपल्या जुन्या इंग्रजी समजुतीवर होते. ओळखीची नसलेली खूण पडद्यावर धाडून माणसाचा पडदा बिघडवू नये, म्हणून यादी दाखवताना प्रत्येक अनोळखी खुणेच्या जागी ते एकेक प्रश्नचिन्ह ठेवीत गेले. त्याने केला तो चांगुलपणाच. नाव जर खरोखरच नष्ट होऊन साठवले गेले असते, तर तो घात बहुधा खुणांचा नसून वर्णांचा झाला असता. म्हणजे सहा वर्णांच्या जागी सहा प्रश्नचिन्हे. माझ्या विद्यार्थ्याने अठरा आणि सहा यांच्यात निवाडा केला तो या हिशेबावर.

आणि हे अवचित झाले कसे? आठवड्यापूर्वी त्याने भाड्याचे यंत्र बदलले होते. ओव्या जपून नव्या यंत्रावर नेल्या. तिथल्या भाषेचा खण भरायचा मात्र राहिला. दूरच्या यंत्राशी आज ज्या मार्गाने बोलतात त्याला एसएसएच म्हणतात. फिनलंडमधल्या तातू युलोनेन यांनी १९९५ मध्ये, त्यांच्या विद्यापीठाच्या जाळ्यातून चोरांनी गुप्त शब्द पळवल्यानंतर, तो रचला. त्यातून जाणारा मजकूर वाटेत कोणाला वाचता येत नाही. या मार्गाने आपल्या टर्मिनलाचे नाव आणि खिडकीचे माप आपोआप पलीकडे जाते. पण आपली भाषा कोणती हे दोन्ही टोकांनी परवानगी दिली तरच जाते. आमच्याकडे ती परवानगी नव्हती. यंत्राला आमचे गाव कळले, बोली कळली नाही.

त्या वसुबारसेच्या संध्याकाळी विद्यार्थ्याने फोनवरून आधी ती पुसण्याची आज्ञा मागे घ्यायला लावली. मग एका फाइलीतला मजकूर पडद्यावर आणायला सांगितला. बाहेर प्रश्नचिन्हांचे नाव असलेल्या त्या फाइलीतून ओव्या मात्र स्वच्छ मराठीत उतरू लागल्या. नंतर त्याने भाषेचा खण भरण्याची एका ओळीची आज्ञा सांगितली. शेजारच्या मुलाने ती लिहिली आणि यादी पुन्हा काढली. सगळ्या बायका आपापल्या नावानिशी समोर उभ्या राहिल्या.

तेव्हापासून आम्ही घरात एक नियम केला आहे आणि तो संगणकाशेजारी कागदावर लिहून लावला आहे. पडदा बिघडला तर पहिल्यांदा काही पुसायचे नाही. मग पाहायचे की आपण आपले नाव काय सांगितले. पलीकडच्याला ते कळले का. खिडकीचे माप बरोबर गेले का. भाषा सांगितली का. पडदा थिजला असेल तर क्यू, रेघा उमटत असतील तर रीसेट, पायऱ्या पडत असतील तर शहाणपणाची आज्ञा. आणि एवढ्यानेही भागले नाही तर खुणा मोजायच्या. फाइलीवर हात टाकायची पाळी या सगळ्यानंतर. शिवाय सगळ्या ओव्यांची एक प्रत आता दुसऱ्या जागीही ठेवली आहे. ती अक्कल वह्या भिजल्या तेव्हाच यायला हवी होती.

भाऊबीजेला मी सखूबाईच्या गावी गेलो. ती आता नव्वदीच्या घरात आहे. मी तिला सांगितले की, आजी, तुमच्या नावाची यंत्राने अठरा प्रश्नचिन्हे केली होती आणि मी ती पुसायला निघालो होतो. तिला यंत्र कळले नाही, पण पुसणे कळले. ती म्हणाली, "मास्तर, मी तं अजून हाये नं इथं? मले येऊन इचारायचं." आणि तिने जात्याजवळ बसून, वहीत नसलेल्या आणखी चार ओव्या मला सांगितल्या.